त्रेचाळीस, बाई

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने इथूनच मागे फिरावं, मला कोणाची मनधरणी करायची सवय नाही.

आणि हो, रात्र नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते. गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडी होती.

गॅरेज आमचंच. आमचे हे गेले, त्यानंतर मी आणि माझा धाकटा दीर मिळून चालवतो. शाळा माझी चौथीतच सुटली, पण आकडा माझा कधी चुकत नाही.

मुलाने एक जुनी फोर-व्हील गाडी घेतली होती. डोंगरावरच्या कामाला माणसं वाहायला. हौसेने तिला मोठे टायर चढवले. टायर मोठे झाले आणि गाडीचा दम गेला. चढावर म्हातारीसारखी धापा टाकायची.

"आता आतले गिअर बदलावे लागतील," मी म्हणाले. "टोपी मोठी घेतलीस तर डोकंही मोठं लागतं."

मागच्या आणि पुढच्या, दोन्ही एक्सलमध्ये क्राउन-पिनियनची जोडी असते, म्हणजे एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान. जुन्या जोडीत क्राउनला सदतीस दात होते. नव्या दोन जोड्या त्रेचाळीसच्या आणल्या. मागे-पुढे दोन्हीकडे सारखीच जोडी लागते. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं. साध्या रस्त्यावर काही कळत नाही. पण घाटात फोर-व्हील टाकली की गाडी स्वतःशीच भांडते... आणि आतलं काहीतरी तुटतं.

म्हणून जोडी बसवल्यावर आम्ही मोजतो. एक चाक जॅकवर उचलायचं. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला खडूची खूण करायची. वरच्याने चाक वीस वेळा फिरवायचं, खालच्याने शाफ्टचे फेरे मोजायचे.

चाक वीस, शाफ्ट त्रेचाळीस, क्राउनच्या दातांइतकेच. मग काम बरोबर.

मागचं मोजून झालं. दीर खाली होता. "त्रेचाळीस, वहिनी!" तो ओरडला.

मुलगा घड्याळ बघत होता. "आई, चारला निघायचंय. उद्या सहाला हजर नसलो तर काम दुसऱ्याला जाईल."

"जा, तोंड धू. भुतासारखा दिसतोयस."

मी पुढचं चाक उचललं. टायर एवढे मोठे की पलीकडचं काही दिसत नव्हतं. खालून पुठ्ठा सरकल्याचा आवाज आला...

सर्र...

"फिरवू का?" मी विचारलं.

 उत्तरादाखल चासीवर पाना वाजला. टक्क.

मी फिरवायला लागले. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला खालून पाना वाजायचा. टक्क... टक्क... टक्क...

"वीस झाले. किती?"



"त्रेचाळीस, बाई."

"जुळलं रे!" मी मुलाला हाक मारली. "काढ गाडी!"

तेवढ्यात मागच्या दारातून दीर आत आला.

"वहिनी, थांबा जरा. खडू सापडत नव्हता. पुढच्या शाफ्टला अजून खूणच केली नाही मी."

माझे हात चाकावरच राहिले.

मी वाकून खाली पाहिलं...

कोणी नव्हतं.

पुठ्ठा होता. पुढच्या एक्सलखाली. बरोबर माणूस झोपतो तिथे.

आणि मग मला आठवलं. दीर मला वहिनी म्हणतो. "बाई" म्हणणारा या गॅरेजात एकच माणूस होता.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मिस्त्रीच होता, पण मोजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खाली झोपला की प्रत्येक फेऱ्याला पाना वाजवायचा. बारा वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली होती. पुढची जोडी आमच्या ह्यांनी त्रेचाळीसची म्हणून आणलेली. मास्तर खालून म्हणाला, "एक्केचाळीस."

गिऱ्हाईक समोर उभं. मला आमच्या ह्यांचा अपमान सहन झाला नाही.

"घरचे खोटे आणि तू एकटा हरिश्चंद्र? नीट मोज. त्रेचाळीस म्हण!"

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "त्रेचाळीस, बाई."

गाडी गेली. तिसऱ्या दिवशी घाटात आतून तुटली आणि कड्यावरून खाली गेली. गिऱ्हाईक जगलं, पण एक पाय गेला.

लोक विचारायला आले. मी म्हणाले, मास्तरने मोजलं होतं, त्रेचाळीस म्हणाला, चारचौघांनी ऐकलंय.

त्याच दिवशी त्याला हाकलला. पुढे त्याला कोणी काम देईना. एका फाटक्या गॅरेजात राबायचा, तिथेच जॅक सरकला आणि तो गाडीखाली सापडून मेला. मी बघायलाही गेले नाही.

हे सगळं मी दिराला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "परत मोज. माझ्या डोळ्यांसमोर."

त्याने खूण केली, खाली गेला. मी त्याच्या चपला बघत चाक फिरवलं.

"वहिनी... एक्केचाळीस."

मुलगा चिडला. "मघाशी त्रेचाळीस, आता एक्केचाळीस! कोणाचं खरं?"

"उघड एक्सल."

"आई, अख्खा पुढचा भाग सोडायचा? काम जाईल माझं!"

"काम गेलं तर दुसरं मिळेल. उघड म्हणते ना!"

उघडला. क्राउनवरचं तेल पुसून मी स्वतः बोटाने दात मोजले. एक्केचाळीस. दुकानदाराने चुकीची जोडी दिली होती, आणि घाईत आम्ही कोणी दात मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बरोबर जोडी बसवली. मुलगा एक दिवस उशिरा पोचला, हातापाया पडून काम टिकवलं.

मी म्हटलं, चला, वाचला पोरगा.

आठवड्याने त्याचा फोन आला.

"आई, चढावर फोर-व्हील टाकली की पुढून आवाज येतो. टक्क टक्क... उघडून बघितलं, काही नाही. मी मोजलं पण. दरवेळी एक्केचाळीस, मग बंद."

मी फोन ठेवला आणि नुसती बसून राहिले.

मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही. सासूचीही नाही. पण गेल्या रविवारी मुलगा गाडी घेऊन घरी आला. दुपारी तो झोपला होता, तेव्हा मी गॅरेजात गेले. या वयात गुडघे टेकले आणि गाडीखाली तोंड घातलं.

"मास्तर... एक्केचाळीसच होते. तुझं खरं होतं. मी खोटं बोलायला लावलं तुला. पोराला सोड."

काही नाही. फक्त तेलाचा वास.

मी उठायला लागले...

सर्र...

पुठ्ठा सरकला. अगदी माझ्या चेहऱ्याजवळ.

"त्रेचाळीस, बाई."

मी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. कारट्याकडे दुसरी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, मला जाग यायच्या आत निघून गेला.

काल त्याचा फोन आला. हसत होता.

"आई, गंमत सांगू? आज एक टक्क जास्त वाजली. बेचाळीस."

मी ओरडले, "गाडी आहे तिथे सोड. पायी उतर. मी दुसरी घेऊन देते!"

"काहीतरीच काय, आई! उद्याची एक फेरी करतो, मग बघू."

आज सकाळपासून मी फोनजवळ बसलेय. दीर विचारतो, वहिनी, काय झालं, जेवत का नाही?

त्याला काय सांगू? पुढचा आकडा मला माहीत आहे. मीच शिकवलाय.