मल्लम्माचा दिवा राहिला

ह्यातला एक शब्द जरी खोटा असंल, तर माझी नवी कवळी गळून पडंल.

गोष्ट नौबादची. गेल्या साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला घडलेली.

माझा भाचा शिवप्रसाद. त्यानं तिथं दोन खोल्यांचं घर घेतलं. घरासंगं भाडेकरूबी आली... मल्लम्मा. मागच्या खोलीत तीस वर्सांपासून राहणारी एकटी म्हातारी.

"हिला मरेपर्यंत हलवू नका," जुना मालक म्हणला. शिवप्रसादनं देवाची शपथ घेतली.

पुढच्या खोलीत बायकोसंगं राहायला आला, अन् महिन्यात म्हातारीची लाईट तोडली.

मग पाणी तोडलं.

मग एक दिवस तिचं सामान अंगणात टाकलं. तवा, घागर, गोधडी. वर झाडू.

तिनं हात जोडले. "अण्णा, खोली झाडू दे. एक दिवा लावू दे. मग जाते."

भाड्याचं घर आपल्याकडं असंच सोडतेत की. दिवा लावल्याबिगर निघालं, तर घर सुटत न्हाई.

शिवप्रसाद हसला. "दिवा कामून, अक्का? आता लाईट जोडायलोय की!"

अन् कुलूप ठोकलं.

मल्लम्मा कुलुपाकडं बघत राहिली. "मग मी घर सोडलं न्हाई बघ, अण्णा."

चौथ्या दिवशी, कमठाण्यात बहिणीच्या ओसरीवर... ती गेली.

त्याच सांजंला मागच्या खोलीतून आवाज आला...

सर्र... सर्र...

"उंदीर असंल," शिवप्रसाद म्हणला.

"उंदीर झाडू मारतेत व्हय?" त्याची बायको विजयश्री म्हणली.

कुलूप काढलं. खोली लख्ख. मधोमध तेलाचा ताजा डाग...

दिवा न्हाई.

"अहो, दिवा लावा. माफी मागा तिची."

"माझ्या घरात मी भाडेकरूची माफी मागू?"

दुसऱ्या सांजंला आवाज पुढच्या खोलीत आला.

तिसऱ्या सांजंला... त्याच्या पलंगाखाली.

तरी गडी वाकला न्हाई.

मग पंचमीची आदली सांज. दोघं बाजारातून लाह्या घेऊन आले, अन् अंगणातच थबकले.

त्यांचं सामान बाहेर होतं.

तवा, घागर, गोधडी. वर झाडू.

दाराला आतून कडी.

शिवप्रसादनं धक्के मारले, खांदा लावला. दार हललं न्हाई. शेवटी उंबऱ्यावर डोकं टेकवलं. "अक्का, चुकलं! आत येऊ दे, दिवा लावतो!"

आत सगळ्या लाईटी भक्कन लागल्या...

अन् दाराच्या फटीतून, अगदी कानापाशी, आवाज आला.

"दिवा कामून, अण्णा? लाईट हाय की!"

आता शिवप्रसाद गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहतोय. घर विकायलाय. गिऱ्हाईक येतंय, दार उघडत न्हाई. त्यानं लाईट तोडून घेतली, तरी सांजंला खिडकीत उजेड असतोय.

परवा मी मुद्दाम जाऊन आले. आत झाडू चालला होता... सर्र... सर्र... मी उंबऱ्यापाशी गेले, अन् थांबला.

तवापासून मी घरातला झाडू कपाटात कोंडून ठेवतेय.

कवळी मात्र जागेवर हाय. बघा की.