घरगाडीच्या छतावरची टोपी

कमळाकर दात्यांनी घरगाडीच्या छतातल्या भोकातून बोट बाहेर काढलं तेव्हा ते काळं झालं होतं.

त्यांनी ते नाकाशी नेलं. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, बोट पुसलं, डाग आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली आणि रुमाल खिशात परत ठेवला.

"काय मामा, मिळालं काही?" स्टुलापाशी उभ्या मीनलने खालून विचारलं.

"रंग," दाते म्हणाले. "जिथे बघावं तिथे रंग."

ते खरंच होतं. १९९४चा ऑक्टोबर संपत आला होता. बदलापुरातल्या एका आंबराईत ती मॅटाडोर उभी होती, आणि मालकाने तिला तीन दिवसांपूर्वी बाहेरून असा निळा रंग फासला होता की त्याचे शिंतोडे टायरवरही होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आजूबाजूच्या आंब्यांच्या बुंध्यांवर मात्र चुन्याने आकडे घातले होते. एक ते चौदा. तेवढं काम नीटनेटकं होतं.

दात्यांनी अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. त्यांच्या लाल खडूची एक फुली पडली की ट्रकभर माल परत जायचा. निवृत्तीनंतर खराब मालाबद्दलच्या त्यांच्या तुच्छतेला काम उरलं नव्हतं. नातेवाइकांचे फ्रीज, फ्लॅट आणि भावी जावई यांच्यावर ती भागवावी लागे. भाची मीनल अंबरनाथला दवाखाना चालवायची. तिला बदलापूरपलीकडच्या गावांत जाता येईल असा फिरता दवाखाना हवा होता. आतल्या बाकासकट, बेसिनसकट तयार घरगाडी स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर तिने मामांना आणलं.

स्वस्त का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. या गाडीत माणूस मेला होता.

निवृत्त इंजिनियर दिनानाथ कारखानीस. ही गाडी त्यांनीच बांधून घेतली, तीन वर्षं देश फिरले आणि शेवटी स्वतःच्या आंबराईत ती उभी करून तिच्यातच राहू लागले. त्यांना दमा होता. थंडीत दारं-खिडक्या बंद करून, वातीच्या स्टोव्हवर निलगिरीच्या पाण्याचं भांडं ठेवून ते झोपायचे. स्टोव्हच्या बरोबर वर छताला भोक होतं. त्यावर बाहेरून पत्र्याची टोपी, आतून दांडीने उघडणारी झडप. रोज संध्याकाळी नोकर कोंडाजी स्टोव्ह लावायचा, झडप उघडायचा आणि घरी जायचा.

गेल्या संक्रांतीच्या सकाळी दिनानाथ धुराने गुदमरून मेलेले सापडले. झडप बंद होती, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. पोलिसांनी जेवणाच्या सुट्टीआधी तपास संपवला आणि कोंडाजीवर हलगर्जीपणाने मृत्यूचा खटला भरला. येत्या गुरुवारी त्याची तारीख होती.

"छत बघा, साहेब." श्यामकांत कारखानीस, दिनानाथांचा पुतण्या आणि एकुलता वारस, अभिमानाने म्हणाला. "त्या टोपीतून गळायचं. मी स्वतः वर चढून बुजवलं. आमच्या कंपनीचं फटी बुजवायचं कंपाउंड आहे, आनंदनगरच्या कारखान्यात आम्हीच बनवतो. दगड होतो त्याचा. हातोड्याने निघणार नाही."

दात्यांनी छतावर लोहचुंबक फिरवून पाहिलं होतं. पत्र्याला ते चिकटत होतं. टोपीच्या झरोक्यांवर मात्र सुळकन घसरलं; तिथे रंगाखाली पत्रा नव्हता, नुसतं कंपाउंड होतं. आत, खिडक्यांपाशी पाणी पिऊन प्लायवूड फुगलं होतं. टोपीखालच्या प्लायवूडवर मूळचं पॉलिश जसंच्या तसं होतं.

"कळवतो," दाते म्हणाले.

गाडीची बॉडी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये परसराम नावाच्या कारागिराने बांधली होती. दाते दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजवर गेले.

"तुझी टोपी गळते म्हणतात."

परसरामने हातातला पाना खाली ठेवला. "कोण बोलतो? साईं, अंदर भोकाभोवती चार इंच ऊंचा कॉलर दिया है. पाणी काय जिना चढून आत येणार? दिनानाथसाब तीन पावसाळे फिरले त्या गाडीत. खिडकी गळली, मानतो. काच त्यांनी दुसरीकडे बसवली, सस्ते में. टोपी गळली तर मी हा धंदा सोडून भजी विकतो."

"विकू नकोस," दाते म्हणाले. "भजी करणारे पुष्कळ आहेत."

तिथून ते मीनलच्या दवाखान्यात गेले. कोंडाजीची बायको बनूबाई तिथे झाडलोट करायची. कोंडाजी तिच्याजवळच पायरीवर बसला होता.

"झडप उघडली होतीस?"

"रोज उघडायचो, साहेब."

"त्या दिवशी?"

"आधी वाटायचं, उघडली. आता धा महिनं समदी सांगतात, इसरलास. येवडी शिकलेली मानसं खोटं कशाला बोलतील? इसरलोच आसन. वकील बोलला, गुरवारी कबूल कर, कमीवर सुटशील."

"ह्या मानसाचा हात झडप उघडल्याबिगर काडी पेटवायचा नाय," बनूबाई म्हणाली. "पन आता सोताच्या हातावर याचा भरवसा ऱ्हायला नाय."

दात्यांनी खिशातला रुमाल चाचपला. खराब माल त्यांनी जन्मभर पाहिला होता. पण चांगल्या मालाला खराब म्हणून मारलेली फुली त्यांनी कधी खपवून घेतली नव्हती.

मंगळवारी सकाळी ते पुन्हा आंबराईत आले. सोबत मीनल होती आणि साध्या कपड्यांतले एक गृहस्थ.

"हे गुरुदत्त," दाते म्हणाले. "यांचं समाधान झालं की व्यवहार झालाच म्हणून समजा."

श्यामकांत खूश झाला. चौघे गाडीत शिरले.

"हे कंपाउंड," दात्यांनी सुरुवात केली, "तुम्हीच भरलं? कारागीर नव्हता?"

"छे. कारागीर काय करणार? मी स्वतः."

"कधी?"

"जूनमध्ये. काका गेल्यावर पहिल्याच पावसात गळायला लागलं."

"त्याआधी टोपी मोकळी होती?"

"अर्थात."

"जूननंतर गाडीत कोणी स्टोव्ह, शेगडी, काही पेटवलं?"

"कोण पेटवणार? संक्रांतीपासून गाडीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे. स्टोव्ह त्याच दिवशी पोलिसांनी नेला."

"संक्रांतीला आत पहिलं कोण शिरलं?"

"मीच." श्यामकांतने चेहरा पाडला. "तिळगूळ द्यायला आलो होतो. सहा वाजले असतील. पोलीस नंतर आले."

"पहाटे सहाला तिळगूळ," दाते म्हणाले. "पुतण्या असावा तर असा. त्याआधी कधी आला होतात?"

"गणपतीला असेन."

दात्यांनी दांडी ओढली. झडप खाली पडली. मूठ असलेला छोटा आरसा त्यांनी भोकात धरला, बॅटरी लावली आणि गृहस्थांना बोलावलं.

"गुरुदत्त, काय दिसतं?"

"काळं आहे."

"कशावर?"

"कंपाउंडवर. खालच्या अंगाला. बोटाला लागेल एवढा थर आहे."

बाहेर फांदीवर कावळा ओरडत होता.

"जुनी काजळी असेल," श्यामकांत म्हणाला. "काका वर्षानुवर्षं स्टोव्ह लावायचे."

"जुनी काजळी पत्र्याला लागेल आणि कंपाउंड तिच्यावर बसेल. ही कंपाउंडवर बसली आहे. म्हणजे आधी टोपी बुजली, मग खाली स्टोव्ह जळला. संक्रांतीनंतर स्टोव्ह जळलेला नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग टोपी जूनमध्ये कशी बुजेल? ती काका जिवंत असताना बुजली. आणि बुजवली कोणी, हेही तुम्हीच सांगितलंत. कारागीर नव्हता."

"गळत होती म्हणून..."

"टोपीखाली पाण्याचा एक डाग दाखवा. खिडक्यांपाशी आहेत. त्या तुम्ही बुजवल्या नाहीत."

श्यामकांतने ओठ ओले केले. "तरी झडप बंद होती. पंचनाम्यात आहे."

"पंचनामा सकाळचा आहे. काजळी रात्रीची आहे. झडप बंद असती तर ती तिथवर चढली असती का? कोंडाजीने रोजच्यासारखी झडप उघडली. त्याला काय माहीत, वर दगड आहे. हवा कोंडली, वात काजळत गेली, तुमचे काका झोपेत गेले. सकाळी सहाला येऊन तुम्ही झडप लावली आणि मग आरडाओरडा केलात. आदल्या दिवशी, भोगीच्या दुपारी दिनानाथराव वाचनालयात, कोंडाजी बाजारात, असं कोंडाजीच सांगतो. कंपाउंड भरायला किती वेळ लागतो? पंधरा मिनिटं?"

"पुरावा काय?"

"तुमचा आळस. ते कंपाउंड फोडून काढायला घाम गाळावा लागला असता. त्यापेक्षा वरून रंग मारणं सोपं. वर पुन्हा तोच दोष गिऱ्हाइकाला गुण म्हणून विकायचा. मी एकतीस वर्षं भिकार काम पाहिलं, श्यामकांत. लपवताना इतकं भिकार काम पाहिलं नाही." दात्यांनी बाहेर बोट दाखवलं. "आकडे मात्र छान घातलेत. चौदा आंबे. काका असेपर्यंत एकही तुटला नसता. बिल्डर कधी येणार आहे?"

श्यामकांत दाराकडे सरकला. गृहस्थ आधीच तिथे उभे होते.

"सब-इन्स्पेक्टर गुरुदत्त सामंत," ते म्हणाले. "मी गेल्याच महिन्यात इथे बदलून आलो. पंचनामा माझा नाही, हे माझं नशीब. चला."

दुपारी परसराम टोपी कापायला येणार होता. त्याआधी दात्यांनी रिक्षा पाठवून कोंडाजीला आणवलं. दारावरच्या शिपायाने त्याला आत सोडलं. दहा महिन्यांत तो या गाडीत शिरला नव्हता. दारापाशी त्याने चपला काढल्या.

दात्यांनी त्याला स्टुलावर चढवलं, हातात आरसा दिला, बॅटरी धरली. "कशालाही हात लावू नकोस. नुसतं बघ. काजळी दिसते?"

"दिसती."

"कुठवर चढली आहे?"

"पार टोपीत."

"कशी चढली असेल?"

कोंडाजीने आरसा जरा कलता केला. दात्यांनी बॅटरी तशीच धरून ठेवली. हे उत्तर दुसऱ्या कोणी द्यायचं नव्हतं.

"झडप उघडी आसल तरच," कोंडाजी सावकाश म्हणाला. आरसा मीनलकडे देऊन तो खाली उतरला, बाकाच्या कडेवर बसला आणि आपला उजवा पंजा उलटसुलट करून पाहू लागला.

"मी उघडली होती," तो म्हणाला.

"होय."

"मंग गुरवारी काय कबूल करू?"

"काही नाही."

कोंडाजीने मान हलवली. उठून तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि सवयीने मागे वळून झडप उघडी आहे ना, ते पाहून मगच खाली उतरला.