दोन पावलांवर

सकाळचे सात वाजले होते आणि मुकादमाच्या गुडघ्यांनी आत्ताच हात टेकले होते. चौदा मजल्यांची कचेऱ्यांची इमारत झाडून-पुसून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. तळघरातल्या खोलीत, बादल्या आणि पोछ्यांच्या गर्दीत तो स्टुलावर टेकला होता. पाच मिनिटं कुणी हाक मारू नये, एवढीच त्याची इच्छा होती. नेमका तेव्हाच मुख्य कचेरीतल्या कारकुनाचा फोन आला.

“मुकादम, तुमच्याकडचं एक माणूस अठरा दिवस घरीच गेलेलं नाही.”

“असं कामसू कोण निघालं हो आमच्यात?”

कारकुनाने हजेरीचा क्रमांक सांगितला आणि मुकादमाची चेष्टा घशातच राहिली. क्रमांक टोळीतल्या म्हाताऱ्या मावशीचा होता. मावशीला वारून अठरा दिवस झाले होते.

हजेरीची पद्धत सोपी होती. वही नाही, अंगठा नाही. सगळ्यांच्या फोनचं ब्लूटूथ चालू असायचं. मुकादमाच्या फोनपासून पंधरा पावलांच्या आत कुणाचा फोन आला, की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. लांब गेला, की विझायचा. संध्याकाळी तो शेवटचा विझला, की ती त्या माणसाची सुटीची वेळ. माणसंही काही कमी नव्हती. ज्याला उशीर व्हायचा तो आपला फोन शेजाऱ्याच्या हाती पुढे पाठवून द्यायचा. मुकादमाला ते ठाऊक होतं, पण कुणाकुणाच्या मागे लागणार?

“कुणीतरी त्या बाईचा फोन घेऊन फिरतंय,” कारकून म्हणाला. “शोधा. नाहीतर मला वर कळवावं लागेल.”

मावशीचा फोन आणखी कुणाकडे असणार? तिच्या सुनेकडेच. तीही याच टोळीत होती, मावशीनेच तिला कामाला लावलं होतं. सगळे तिला सूनबाईच म्हणत. मुकादमाने तिला बाजूला बोलावलं. तिच्याशी हे बोलायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

“पोरी, रागावत नाही. सासूचा फोन तुझ्याजवळ आहे का?”

तिने हातातला पोछा बादलीत टाकला.

“फोन आम्ही आईंबरोबरच दिला, मुकादम. ह्यांनी स्वतःच्या हातांनी सरणावर उशाशी ठेवला. तुम्ही होतात की तिथे.”

होता खरा. पण त्या दिवशी त्याने मान वर करून काही पाहिलंच नव्हतं.

त्याने सगळ्यांना आपापले फोन घेऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. एकेक ठिपका विझत गेला. खोली रिकामी झाली. नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं आणि फिनेलचा वास नाकात बसला होता. यादीत एकच ठिपका हिरवा राहिला. त्याच्यापुढे अंतर लिहून आलं होतं: दोन पावलं.

मुकादमाने कपाटं उघडली, बादल्या उपड्या केल्या. जिन्यापर्यंत गेला. दोन पावलं. पहिल्या मजल्यावर गेला, धापा टाकत परत आला. दोन पावलं. शेवटी त्याने स्वतःची पिशवी जमिनीवर ओतली. डबा, चष्मा, गुडघ्यांचं मलम. बाकी काही नाही.

मग त्याला कारकुनाचं बोलणं नीट कळलं. ठिपका अठरा दिवसांत एकदाही विझला नव्हता. रात्रीसुद्धा नाही. आणि रात्री तर मुकादम स्वतःच्या घरी असायचा, बायकोशेजारी झोपलेला. तो पुन्हा स्टुलावर बसला.

अठरा दिवसांपूर्वी मावशी ह्याच स्टुलापाशी येऊन उभी राहिली होती. “मुकादम, अंगात त्राण नाही हो आज. जाऊ का घरी?” त्याने फोनमधून मानही वर केली नव्हती. “नववा मजला उरका आधी. मग मी सांगतो, तेव्हा जा.” तासाभराने ती नवव्या मजल्यावर उपड्या बादलीवर बसलेली सापडली, भिंतीला डोकं टेकून. लादी लख्ख पुसलेली होती.

जा असं सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या तोंडाकडे बघत मागेमागे फिरत होती, आणि तो एवढा दमलेला होता, की मागे वळून बघायचंही त्याला कधी सुचलं नाही.

“मावशी…” त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. “झालं सगळं. चुकलं माझं. जा आता… घरी जा.”

नळ ठिबकत होता. अंतर बदललं. चार पावलं. नऊ. पंधरा. ठिपका विझला आणि त्यापुढे सुटीची वेळ उमटली, सात बेचाळीस. मुकादम ओंजळीत तोंड घालून रडला. त्याला फार मोकळं वाटलं.

माणसं परत आली. कामं वाटून घेऊन सगळे वर गेले. सूनबाई तेवढी मागे राहिली. वीसेक मिनिटांनी तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता, तो रात्रपाळी करून आठच्या सुमाराला घरी पोचायचा. ती ऐकत राहिली आणि मग तिने आवाज मोठा करून फोन मुकादमासमोर धरला.

“तू कामावरच आहेस ना?” नवरा दबक्या आवाजात विचारत होता. “मग आतल्या खोलीत कोण झोपलंय? आईच्या पलंगावर… तोंडावरून पांघरूण घेतलंय. अगं, घोरणंसुद्धा आईसारखंच आहे.”

त्याच्या बोलण्यामागून ते त्या दोघांनाही ऐकू येत होतं, लांब, जड, दमलेल्या माणसाचं घोरणं.

“उठवू का?” त्याने विचारलं.

सूनबाईने मुकादमाकडे पाहिलं.

“नको,” मुकादम फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला. “झोपू दे. दमलीय ती.”

त्याचा आवाज ऐकताच पलीकडचं घोरणं थांबलं.