दोन दशांश

लिफ्टचं दार उघडलं आणि आतलं हसणं गपकन थांबलं.

आत दोघं होती. काचकाम विभागातला तो, आणि कंपनीची पुस्तिका लिहायला आलेली नवी लेखिका. बाहेर, बर्फाची बादली सांभाळत, तपासणीखोलीतली ती.

"या ना, दशांश मॅडम. जागा आहे," तो म्हणाला.

"नको. मी जिन्यानं जाते."

चार मजले, बर्फाची बादली घेऊन! तिसऱ्या मजल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण त्याहून जास्त राग त्या हसण्याचा.

'दशांश मॅडम' हे नाव त्यानंच ठेवलेलं, चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि नऊ माणसं होती. तो काचेचे तापमापक घडवायचा, ती ते तपासायची आणि अंशाच्या एका दशांशाचीही चूक सोडायची नाही. बघता बघता कंपनीचे पाच मजले झाले. शेजारच्या टेबलावर कोण बसतं तेही कळेना. दोन खोल्यांच्या काळातला एक नियम मात्र टिकला होता. नापास झालेला तापमापक घडवणाऱ्यानं दुरुस्त करून स्वतः आणायचा, आणि बर्फात पारा स्थिरावेपर्यंत समोर बसायचं. दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांची ती किती वाट बघते, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

आणि आता त्याला नव्या कारखान्याचा प्रमुख करणार होते. सही केलेला होकार शुक्रवारी सहाच्या आत द्यायचा होता. लेखिकेची नेमणूकही... तिथेच.

"वन्सं, चहात तिसऱ्यांदा साखर घातलीत," शुक्रवारी सकाळी वहिनी म्हणाली. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यावरून एवढा जळफळाट चाललाय."

"मी कशाला जळू? तिचे कानातले जरा जास्त वाजतात, एवढंच."

"अच्छा... कानातले!" वहिनी हसत आत गेली.

दुपारी ते कानातले वाजत थेट तपासणीखोलीतच आले.

"मॅडम, मी त्यांना चौदा वर्षांच्या कामाबद्दल विचारलं. म्हणाले, माझ्या नापास चिठ्ठ्या बघा, त्यात सगळं आलं. मिळतील?"

"कौतुकाच्या पुस्तिकेत नापास चिठ्ठ्या?" तिनं कोरडेपणानं विचारलं आणि कपाट उघडलं. तेवढ्यात लेखिकेचा फोन वाजला, ती बाहेर गेली.

चिठ्ठ्या एकसष्ट निघाल्या. दोन-तीन महिन्यांनी एखादी लिहिलेली. सगळ्या एकत्र तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. आज टेबलावर मांडल्या.

दोन दशांश जास्त. दोन दशांश जास्त. दोन दशांश जास्त...

ती खुर्चीत बसली. खरी चूक अशी नसते. ती कधी थोडी वर, कधी थोडी खाली, विखुरलेली असते. ही एकसष्ट वेळा त्याच जागी! कुणीतरी शून्याची खूण मुद्दाम केसभर खाली केली असेल, तरच. मधल्या एका वर्षी ती आजारपणात तीन महिने घरी होती. त्या तीन महिन्यांत... एकही नाही.

"सापडल्या?" लेखिका दारात उभी होती. "काल लिफ्टमध्ये त्यावरूनच हसत होतो. मी म्हटलं, अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? तर म्हणतात, मॅडम आकड्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत."

तिनं चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या.

"कानातले छान आहेत हं तुझे," ती म्हणाली.

संध्याकाळी तो आला. हातात एक तापमापक, खिशातून डोकावणारा घडी घातलेला कागद.

"जाण्याआधी शेवटचा. हा तरी नीट करून द्यावा म्हटलं."

तिनं तो बर्फात धरला. पारा बरोबर शून्यावर थांबला. केसभरही इकडेतिकडे नाही.

मग तिनं नापासाची चिठ्ठी ओढली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती खोटं लिहीत होती. चिठ्ठी दोऱ्यानं बांधून तिनं तापमापक पुढे केला.

त्यानं 'कारण' या रकान्यात लिहिलेलं वाचलं. 'घडवणारा निघून चालला आहे.'

"दशांश मॅडम... हे कारण नियमात बसत नाही."

"चुकीचा तापमापक मुद्दाम पाठवणं बसतं? एकसष्ट वेळा?"

त्याचे कान लाल झाले. "मोजलेत?"

"मोजायचंच काम आहे माझं. जरा... उशिरा मोजले."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच मिनिटं कमी होती. खिशातला कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

मग त्यानं स्टूल ओढलं, तिच्या समोर बसला आणि तापमापक पुन्हा बर्फात सोडला.

"पारा स्थिरावायला किती वेळ लागतो हो?"

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

"अरेरे," तो हसला, "मग सहाच्या आत काही जमत नाही."