दोन किलो वाळू

त्या दुपारी आम्ही पाळणा नुसता बघायला निघालो होतो, घ्यायला नव्हे. एवढं आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष माझी लेक स्वतःकडे घेते. तो तिचा नाही, माझा आहे.

एकतीस वर्षं मी फर्निचरच्या कारखान्यात तपासनीस होतो. माझी सही झाल्याशिवाय साधं स्टूलही गेटाबाहेर जात नसे. तोंडावर मला साहेब म्हणत आणि पाठ फिरली की 'नापास'. निवृत्त झालो, पण स्वभाव काही निवृत्त होत नाही. आजही हॉटेलात बसण्याआधी मी टेबल हलवून बघतो. बायको होती तेव्हाच तिनं माझ्याबरोबर बाहेर जेवायला येणं त्यापायीच सोडलं होतं.

लेकीला आठवा महिना लागला होता. आधीचं एक पाचव्या महिन्यातच गेलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं झालेलं. बाळाच्या खोलीत येणारी प्रत्येक वस्तू मी पारखून घ्यायची असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. सहा दुकानं नापास केली. कुठे भुशाच्या फळीवर चकचकीत कागद चिकटवलेला, कुठे सांधा नुसत्या खिळ्यांवर, कुठे दोन गजांत एवढं अंतर की बाळाचं डोकं अडकावं.

जावई म्हणाला, "बाबा, बाळ कॉलेजात जायच्या आत ठरेल ना पाळणा?"

सातवी जागा म्हणजे गॅरेजांच्या मागच्या गल्लीतली एका म्हाताऱ्या मिस्त्रीची वखार. कोपऱ्यात एकच पाळणा होता, चारी बाजूंनी गजांचा कठडा असलेला. मी तो उलटा केला. सांधे हलवले, लाकडावर नख ओढलं, पॉलिशचा वास घेतला. बाळं कठडा चावतात, म्हणून जीभसुद्धा लावून पाहिली. खोट सापडली नाही. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि तेच मला खटकत राहिलं.

"कितवा?" मिस्त्रीनं लेकीकडे न बघता विचारलं.

"आठवा."

"न्या. फक्त एक करा साहेब. यात पहिलं निजेल ते बाळच. तोवर मोकळा ठेवा. उशी नको, कपड्यांच्या घड्या नकोत... काही म्हणजे काही नको."

"का?"

तो पटाशीची धार अंगठ्यावर बघत राहिला. "लाकडाला सवय लागते," म्हणाला.

मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! वजन ठेवू नका असं जो सांगतो, त्याला आपला माल कुठे मोडणार हे पक्कं माहीत असतं. आता तर मी तो घरी नेऊन तपासणारच होतो.

कारखान्यात आमची रीत होती. पाळणा बाहेर पडण्याआधी त्यात बाळाच्या वजनाची वाळूची पिशवी पंधरा दिवस ठेवायची, मग सांधे बघायचे. डॉक्टरांनी त्या आठवड्यात पोटातल्या बाळाचं वजन दोन किलो सांगितलं होतं. मी धुऊन वाळवलेली वाळू बरोबर दोन किलो भरली, जाड कॅनव्हासच्या पिशवीला दुहेरी शिवण घातली आणि पॉलिशला चरे पडू नयेत म्हणून ती लेकीनं विणलेल्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवली.

लेक दारात येऊन हसली. "बाबा, याचे पाय कुठेत?"

आठ दिवसांनी सांधे पाहिले. पक्के होते. सवयीनं पिशवी ताणकाट्याला लावली, तर दोन किलो दोनशे. ओल धरली असेल म्हणून चाचपून पाहिली. वाळू कोरडीठाक होती. साखरेचा किलोचा पुडा लावून पाहिला, काटाही बरोबर. मग संशय जावयावर गेला. त्याला थट्टेची भारी हौस. मी शिवणीवर पेनानं माझी सही केली आणि पिशवी परत ठेवली. परत ठेवली, हे मी स्वतःला आजही माफ करत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन किलो चारशे. शिवण तशीच होती, सहीही माझीच. पण अक्षरं फाकली होती. फुग्यावर लिहून तो फुगवल्यावर फाकतात तशी...

त्याच संध्याकाळी लेक आणि जावई दवाखान्यातून आले. जावयाला त्या दिवशी थट्टा सुचत नव्हती.

"वाढलं नाही बाबा," लेक म्हणाली. "दोन आठवडे झाले, अजून दोनच किलो. आणि... हलतही नाही फारसं. उद्या भरती व्हायला सांगितलंय."

मी तडक बाळाच्या खोलीत गेलो. खिडकीतून उजेड ओसरत होता. खोलीत वास येत होता, दुधाचा, जरासा आंबूस. त्या घरात अजून कोणी दूध प्यायलं नव्हतं. मी दुपट्यासकट पिशवी उचलली. ती कोमट होती.

पाळण्यातून ती बाहेर येताक्षणी पलीकडच्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा! लाथ मारली! बाबा, केवढी जोरात मारली!"

मी भिंतीला टेकून रडलो. लाज वाटली नाही.

मग पिशवी घेऊन मागच्या कोठीच्या खोलीत गेलो. ती रिकामी करून विषय संपवायचा होता. कात्रीचं टोक शिवणीत घातलं, आणि हात थांबला. हे वरचे चारशे ग्रॅम कुणाचे? आमच्या बाळाचं जे वाढायचं राहिलं, तेच जर इथे आलं असेल, तर मी कापतोय काय? आणि ते इथे असेल... तर आत्ता लाथ कुणी मारली?

मी कात्री खाली ठेवली.

पाळणा परत केला. मिस्त्रीनं दोनच प्रश्न विचारले.

"काय ठेवलं होतंत?"

"वाळू."

"आता कुठंय ती?"

"फेकली," मी म्हणालो. आयुष्यात खोट्या मालावर मी कधी सही केली नव्हती, पण हे खोटं सहज बोलून गेलो.

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि पाळणा उचलून आडवा, उघडी बाजू भिंतीकडे करून ठेवला.

नात वेळेवर झाली. ठणठणीत. दर रविवारी लेक तिचं वजन करते. मग मी कोठीत जातो, आतून कडी लावतो आणि पिशवी काट्याला लावतो. वजन तेवढंच भरतं. मध्ये तापानं नात उतरली, तेव्हा पिशवीही उतरली. कॅनव्हास किती ताणला गेलाय हे मी सांगत नाही, तुम्हाला खरं वाटणार नाही.

नात गोड आहे हो. माझं बोट धरून चालायला बघते. आणि मी, तिचा सख्खा आजा, तिच्या डोळ्यांत असा बघतो जसा खुर्ची उलटी करून खालून बघायचो. मला तिला पोटाशी धरायचं असतं. धरतोही. पण दुसरं कोणी कोठीत एकटं असेल, हे मनातून जात नाही.

परवाच्या रविवारी मी कोठीत होतो. कडी लावलेली, पिशवी मांडीवर. इतक्यात हॉलमध्ये एकदम टाळ्या पडल्या.

"बाबा, लवकर या!" लेक हाका मारत होती. "बोलली! पहिला शब्द बोलली! 'आजा' म्हणाली! परत म्हण गं सोने, आजोबांना ऐकू दे..."

मी उठलो नाही. मी तो शब्द ऐकला होता. टाळ्या पडायच्या जरा आधी, माझ्या मांडीवर.