दुसरी नळी

दुपारी तीनच्या सुमारास रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने दुसरी नळी तपासली आणि कपाळावर हात मारून घेतला.

सगळं रुग्णालय त्याला पाठीमागे 'खडूस' म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. यकृत देणाऱ्याचं रक्त दोनदा, दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या हातांनी काढायचं. दोन्ही वेळा गट एकच आला तरच सही, हा त्याचा नियम. आजचा रोगी 'ओ' गटाचा. 'ओ'वाला देतो सगळ्यांना, पण घेताना त्याला 'ओ'च लागतं. भलत्या गटाचं यकृत बसवलं की शरीरच त्याच्यावर उलटतं. खास उपचार करून तसंही बसवतात, पण तेवढा दम या रोग्यात उरला नव्हता. त्याचा धाकटा भाऊ यकृताचा तुकडा द्यायला तयार होता. सकाळच्या नळीत तो 'बी' निघाला होता. आता 'ओ'.

"सिस्टर, जेवल्यावर माणसाचा गट बदलतो का हो?" त्याने वॉर्डात फोन लावला.

"दुसरं रक्त अजून काढलंच नाही आम्ही."

"मग ही नळी काय आभाळातून पडली?"

नळीवरच्या चिठ्ठीत दात्याचं नाव होतं, रोग्याशी नातं 'भाऊ' होतं, सगळं वळणदार अक्षरात. या रुग्णालयात एवढं सुवाच्य कोण लिहितं? या लोकांच्या गलथानपणाला काही सीमाच नाही, असं पुटपुटत तो स्वतः वर गेला आणि धाकट्याच्या दंडाला पट्टा आवळला.

"पण आत्ताच दिलं की! एक बाई आल्या होत्या, तोंडाला मास्क लावून," धाकटा म्हणाला. "हात बर्फासारखे गार. म्हणाल्या, आता जुळेल…" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "जाताना पाठमोऱ्या अगदी वहिनीसारख्या दिसल्या. दादाला आधी वहिनीच देणार होत्या. त्यांचा 'ओ'. तारीखही ठरली होती. आदल्या आठवड्यात झोपेतच गेल्या…"

खडूसने सुई काढून कापूस दाबला.

"साहेब, एकदा 'ओ' आलंय ना? तेच लिहा. दादाकडे चार दिवस आहेत फक्त."

"लिहिलं की गट बदलत नाही," तो म्हणाला, आणि आपण फार तुटक बोललो हे त्याला जिन्यात टोचलं.

खाली येऊन त्याने काचेवर थेंब टाकले. 'बी' ओळखणाऱ्या द्रावाच्या थेंबात लगेच गुठळ्या झाल्या. म्हणजे 'बी'. मग स्टँडमधली आधीची नळी त्याने उचलली. तास उलटून गेला होता, खोली गारठलेली होती, तरी नळी कोमट लागली. स्पिरिटच्या वासात कुठूनसा ओल्या केसांचा वास मिसळला होता. तो घाबरला, आणि घाबरल्याचाच त्याला संताप आला. त्याने अहवालावर ठळक लिहिलं : जुळत नाही.

मागे शीतपेटीची घरघर थांबली.

"अहो ताई," तो रिकाम्या खोलीवर खेकसला, "नळीत तुमचं रक्त भरून काय होणार? पोटात जाणार ते दिराचं यकृत! 'ओ' समजून 'बी' बसवलं तर नवरा मरेल तुमचा. अक्कल नको? खरा 'ओ'वाला आणा, लगेच सही करतो!"

मग शीतपेटी पुन्हा घरघरू लागली. तो हात धुवायला उठला, बाही वर सारली आणि थबकला.

डाव्या कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा होता, वर चिकटपट्टी. कापूस अजून ओला, लाल.

स्टँडमध्ये आता तिसरी नळी होती. ती तपासायची गरज नव्हती. स्वतःचा गट त्याला ठाऊक होता. त्याने चिठ्ठी वाचली. त्याच वळणदार अक्षरात दाता म्हणून त्याचं पूर्ण नाव होतं. खडूस हा आईबापांचा एकुलता एक. सख्खी, चुलत, मानलेली, कसलीच बहीण त्याला कधी नव्हती.

रोग्याशी नातं या रकान्यात लिहिलं होतं : मेहुणा.