अकॉर्डियन थांबवू नकोस

मोठा दिवा मालवा. दाराजवळचा राहू दे, तो असू दे. आणि ब्रेंडन, तुझा मोबाईल उलटा ठेव, नाहीतर मधेच तो ठणाणा करेल आणि मी घाबरलो म्हणून तुम्ही आठवडाभर हसाल.

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्याच्यावर ती बेतली तो केल्विन कीपिंग इथेच, याच कॅम्पात, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. भिंती कसल्या पातळ आहेत तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला शिंक आली की इकडून मी "जपून रे" म्हणायचो. त्या रात्रीही मी पलीकडेच होतो. त्याचं ओरडणं मी या कानांनी ऐकलं आहे.

केल्विन न्यूफाउंडलंडचा, स्किफ कोव्ह गावचा. आपल्या सगळ्यांसारखाच, काही आठवडे इथे अल्बर्टात तेलाच्या कामावर आणि मग थोडे दिवस घरी. आई गेलेली. घरी म्हातारे वडील एकटे, हेडलीकाका. ते गाव सोडून यायला तयार नव्हते, आणि का नव्हते ते गावात सगळ्यांना माहीत होतं. केल्विनचा मोठा भाऊ ॲम्ब्रोज जुन्या नाताळच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या रात्री तिकडच्या रिवाजाप्रमाणे सोंग घेऊन, तोंड झाकून घरोघरी नाचायला, खाडीच्या पलीकडच्या काठाला गेला होता. परतताना खाडीवरचा बर्फ फुटला. आईचा हिरवा झगा अंगात, तोंडावर खिडकीच्या पडद्याची जाळी, तसाच तो खाली गेला. सापडला नाही. तेव्हापासून हेडलीकाका त्या रात्री एकच वाक्य बोलायचे, "तो मला न्यायला आला, तर मी जाणार. एकदाही मागे वळून बघणार नाही."

आता म्हाताऱ्याच्या तोंडून असं ऐकल्यावर मुलाला झोप कशी लागावी? म्हणून केल्विनने आपला लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा चालू करून ठेवला. इथे खोलीत बसून तो तिथला लॅपटॉप चालवायचा. तिथलं दिसायचं, ऐकू यायचं, इथे बोललेलं तिथे वाजायचं. हेडलीकाका त्याला "केल्विनची खिडकी" म्हणायचे आणि रात्री झोपताना तिला हात करायचे.

तर ती सहा जानेवारीची रात्र. जुना नाताळ. इथे आठ वाजले होते, म्हणजे तिकडे साडेअकरा. कॅम्पातल्या आम्हा तिकडच्या लोकांनी जेवणघरात थोडं नाचगाणं करायचं ठरवलं होतं. हेडलीकाका अकॉर्डियन काय वाजवायचे! सुट्टीत घरी असताना केल्विनने त्यांचं वादन लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. ते तेवढं इकडे घ्यायचं होतं. बस, एवढंच काम.

त्याने तिथला लॅपटॉप उघडला, गाणं शोधलं, नक्कल इकडे यायला लावली. गावाकडची जोडणी मरतुकडी, त्यामुळे किती उतरलं ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तोवर घर बघू म्हणून त्याने कॅमेरा सुरू केला.

स्वयंपाकघर काळोखात होतं. चुलीच्या फटीतून थोडा लाल उजेड येत होता. समोर दिवाण, बाजूला मागचं दार, कोपऱ्यातून वर जाणारा जिना. बाबा वर झोपले असणार. बाहेर गारांसारखा पाऊस पडत होता आणि पडता पडता गोठत होता, त्याचा काचेवर तडतड आवाज.

आणि दारावर टकटक झाली.

तुमच्यातल्या तिकडच्या पोरांच्या अंगावर आत्ताच काटा आला बघा. इतरांना सांगतो. आमच्या तिकडच्या गावांत कुणी दार वाजवत नाही. दाराला कुलूप नसतं, माणूस सरळ आत येतो, चुलीवरची किटली उचलतो आणि मग रामराम करतो. दार वाजवतात ती फक्त नाताळातली सोंगं. आणि सोंगं विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. घरातल्या कुणीतरी "या" म्हणावं लागतं.

टकटक पुन्हा झाली. मग आवाज आला. सोंगं श्वास आत ओढत बोलतात, ओळखू येऊ नये म्हणून. तसाच, आत ओढलेला आवाज.

"सोंगांना येऊ देता का?"

केल्विनला काय वाटलं असेल? बारा वर्षं त्याला जुन्या नाताळला घरी जाता आलं नव्हतं. पोरपण आठवलं त्याला. तो खुशीत हसला आणि इथून, चार हजार किलोमीटरवरून, बोलून गेला, "या की! या, दार उघडंच आहे!"

त्याचा आवाज तिथे, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात घुमला.

दार उघडलं.

एकच सोंग होतं. लांब झगा, खाली मासेमारीचे बूट, हातात लोकरी मोजे, तोंडावर जाळी. ते आत आलं आणि दिवाणाजवळ उभं राहिलं.

"काय थाट आहे!" केल्विन म्हणाला. "कोण रे? जेराल्डकाका?"

मान हलली. नाही.

"मग पार्डींचा नॉर्म? नाही? अरे, एवढ्या रात्री बाबांना उठवू नका हं, नाहीतर मला शिव्या पडतील."

सोंगाच्या झग्यातून पाणी गळत होतं. थेंबांचा आवाज केल्विनला स्पष्ट ऐकू येत होता.

त्याने सहज म्हणून शेजारच्या ब्लांचकाकूंना फोन लावला. "काकू, आज कोण कोण बाहेर पडलंय सोंग घेऊन?"

"कोण पडतंय, बाळा! रस्त्यावर नुसती बर्फाची काच झालीये, कुत्रंसुद्धा बाहेर नाही. हा जेराल्ड माझ्या शेजारी घोरतोय."

"मग आमच्या स्वयंपाकघरात कोण आहे?"

"काय घातलंय रे त्याने?"

"झगा. हिरवा वाटतोय. वर जाळी आहे..."

पलीकडून काकूंचा आवाज, पण केल्विनशी नाही. "जेराल्ड. ऊठ. बूट घाल. ऊठ म्हणते ना!"

"काकू?"

"आम्ही निघालो, पोरा. पण चढावर रांगत यावं लागेल. ऐक... हेडलीला त्याचं नाव घेऊ देऊ नकोस. ओळखलं की जाळी वर करावी लागते त्याला. आणि तोंड बघितलं की हेडली थांबायचा नाही."

कुणाचं नाव, ते काकू बोलल्या नाहीत. केल्विननेही विचारलं नाही.

त्याने घरचा फोन लावला. बाबांना वरच थांबा म्हणून सांगावं. पडद्यावर स्वयंपाकघरातला फोन वाजायला लागला. एकदा. दोनदा. सोंगाने तिथे जाऊन रिसीव्हर उचलला... आणि शेजारी ठेवून दिला. हळूच. झोपलेलं कुणी उठू नये तसा.

पण उठायचं ते उठलंच. जिन्यावर उजेड पडला.

"कोण आलंय?" हेडलीकाका. हातात टॉर्च, गुडघे धरत उतरत होते. सोंग दिसलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "अरे वा! मला वाटलं आमच्याकडे यायचं विसरलात सगळे. बस, बस. ओळखतो हं मी तुला!"

"बाबा!" केल्विन ओरडला. "वर जा! बाबा!"

हेडलीकाकांनी मान वळवली नाही. केल्विनने बघितलं तर पडद्यावरचा बाण आपोआप सरकत होता. त्याचा हात माऊसवर नव्हता. बाण आवाजाच्या खुणेपाशी गेला. आवाज शून्यावर.

त्याने तो वर ओढला. बाणाने तो खाली ओढला. पुन्हा वर. पुन्हा खाली. आणि सोंग तर लॅपटॉपकडे पाठ करून उभं होतं. फक्त मोज्यातली बोटं... थोडी थोडी हलत होती.

"नॉर्म पार्डी?" हेडलीकाका विचारत होते. "नाही? उंच आहेस रे. हा झगा..."

केल्विनने तिथल्या पडद्यावर कोरं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, बाबा नाव घेऊ नका. वाक्य पुरं झालं नाही तोच शेवटचं अक्षर पुसलं गेलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं.

"हा झगा मी ओळखतो," हेडलीकाका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हा मीच आणला होता. हिला आणला होता मी..."

त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. अंगात घातला.

इकडे भिंतीपलीकडे मी ओरडणं ऐकलं ते याच वेळी. "नको! नको!" एवढंच. मी जाऊन बघतो तर केल्विन पडद्याला नाक लावून बसलेला. मला म्हणाला, "तो घेऊन चाललाय त्यांना. ब्लांचकाकू निघाल्यात, पण अजून पोचल्या नाहीत." मी बघितलं. मला स्वयंपाकघर दिसलं, हेडलीकाका दिसले. आणि त्यांच्यासमोर... जाऊ द्या.

पोरांनो, केल्विन डोक्याने पक्का होता. त्याच्या लक्षात आलं की अक्षरं पुसली जात असताना बाण मोकळा असतो. एका वेळी एकच काम होतंय तिकडून. मग तो डाव्या हाताने काहीबाही अक्षरं बडवत सुटला. तिकडून पुसणं सुरू. आणि उजव्या हाताने त्याने ते गाणं उघडलं. बाबांचं अकॉर्डियन. आवाज पूर्ण वर.

"अरे..." हेडलीकाका म्हणत होते. "अरे ॲम्..."

आणि अकॉर्डियन वाजलं.

सोंगाचं अंग ताठ झालं. आमच्याकडचा रिवाजच आहे, अकॉर्डियन वाजलं की सोंगाला नाचावं लागतं. नाचायला नाही म्हणणारं सोंग मी जन्मात पाहिलेलं नाही. त्याचा एक बूट वर झाला. आपटला. मग दुसरा. थप. थप. पाणी उडत होतं. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि पाय मात्र नाचत होते. हेडलीकाका आपलंच वादन ऐकत दिवाणावर बसले आणि त्यांचा पाय ठेका धरायला लागला. म्हातारा हसत होता हो. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

अडचण एवढीच होती की गाणं लहान होतं. संपलं की आपोआप पुन्हा सुरू व्हायला एक क्षण लागायचा. त्या क्षणात सोंग नाचायचं थांबायचं... आणि हेडलीकाकांकडे एक पाऊल टाकायचं.

पुन्हा गाणं. पुन्हा नाच. पुन्हा तो क्षण. एक पाऊल.

"काकू कुठवर आल्या?" मी विचारलं. केल्विन डाव्या हाताने अजून अक्षरं बडवतच होता, आता ती कुणी पुसत नव्हतं तरी.

गाणं. क्षण. पाऊल.

आता दोघांत हातभर अंतर राहिलं होतं. सोंगाने मोजा काढला. हात पुढे केला. हेडलीकाकांनीही हात उचलला...

पडदा काळा झाला.

जोडणी तुटली. केल्विनने किती वेळा बटणं दाबली, काही नाही. आम्ही दोघं तिथे बसलो. त्याने माझं मनगट धरलं होतं आणि मी ते सोडवून घेतलं नाही. जेवणघरातून हसण्याचा आवाज येत होता.

मग त्याचा मोबाईल वाजला. ब्लांचकाकू.

"आहे रे," त्या रडत होत्या. "आहे तुझा बाप. दिवाणावर बसलाय. हात बर्फासारखे गार, पण शुद्धीत आहे. ते तुझं यंत्र वाजतंय अजून. वाजू दे. थांबवू नकोस."

"आणि... दुसरं कोण?"

"कोणी नाही. जमीन सगळी ओली आहे. जेराल्ड बाहेर बॅटरी घेऊन बघून आला. उंबऱ्यापाशी फक्त आमच्या दोघांच्या पावलांच्या खुणा."

केल्विन दुसऱ्याच दिवशी विमानाने गेला. परत आला तो महिन्याने. वडिलांना आणायला गेला होता, पण म्हातारा आला नाही. फक्त वर झोपायचं सोडलं त्यांनी. आता खाली दिवाणावरच झोपतात. वर फार गार पडतं, म्हणतात.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला भास झाला, मुलगा घाबरला, कॅमेरा खराब. मीही तसंच म्हणालो असतो. पण ते गाणं होतं ना? त्याची नक्कल केल्विनच्या इथल्या लॅपटॉपवर आली होती. दारावर टकटक झाली तेव्हा पट्टी सरकत होती आणि सोंग आत येऊन उभं राहिलं तोवर नक्कल पूर्ण उतरलेली होती. नाच तर पुढे बऱ्याच वेळाने झाला. म्हणजे त्या नकलेत फक्त अकॉर्डियन असायला हवं.

परत आल्यावर एका रात्री त्याने मला बोलावलं, हेडफोन दिले आणि म्हणाला, "ऐका. मला एकट्याला ऐकवत नाही."

मी ऐकलं. अकॉर्डियन होतं. त्याच्या खाली बूट आपटत होते. थप. थप. अगदी ओले. गाणं लहान होतं म्हणालो ना? आता ते संपतच नव्हतं. पुन्हा पुन्हा वाजत होतं आणि बूट नाचत होते. मग अगदी शेवटी दारावर धक्का, ब्लांचकाकूंची किंकाळी, जेराल्डचा आवाज... आणि बूट थांबले.

मला वाटलं, आता ते दाराकडे जातील.

गेले नाहीत. ते जिन्याकडे गेले. एकेक पायरी. सावकाश. सगळा जिना चढून वर.

मी शेवटपर्यंत ऐकत बसलो. केल्विन माझ्या तोंडाकडे बघत होता.

खाली उतरल्याचा आवाज त्यात नाही.